वडील आतड्याच्या कॅन्सरने गेले, हळदीच्या कॅप्सूल सुरू करू का?

निफाडचा_बागायतदार:
अण्णा मागच्या वर्षी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने गेले. आजोबाही त्यानेच, तेही पन्नाशीच्या आत. मी आता 42 चा. नाशकातल्या एका दुकानदाराने हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल गळ्यात मारल्या, महिन्याला 1,800 रुपये. म्हणे, आतली सूज गेली की कॅन्सर होत नाही. आई म्हणते, घरची हळद आहे, बागेत काळी द्राक्षं आहेत, ती खा. खरं काय?

पंचवटीची_फार्मासिस्ट:
दादा, आधी घरीच करून बघा. चिमूटभर हळद पाण्यात ढवळा, खाली बसते. तेलात टाका, लगेच रंग सुटतो. हळदीतलं मुख्य द्रव्य कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, आतड्यातून रक्तात जेमतेम जातं, आणि जातं तेही यकृत झटपट बदलून टाकतं. द्राक्षाच्या सालीतलं रेझव्हेराट्रॉल आतड्यातून शोषलं जातं, पण शरीर तेही झटपट बदलून टाकतं. काचेच्या बशीतल्या पेशींवर दोन्ही छान काम करतात, पण माणसात कॅन्सर टळल्याचा भक्कम पुरावा नाही. भाजीतली हळद, द्राक्षं खुशाल खा.

सुजेविरुद्धच्या ज्या औषधाचा खरा पुरावा आहे, त्याचं मूळही झाडातच आहे. आपल्या नदीकाठच्या वाळुंजाच्या कुळातल्या झाडांच्या सालीत सॅलिसिन असतं, त्या वाटेने पुढे अ‍ॅस्पिरिन आलं. लिंच सिंड्रोम, म्हणजे आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष असलेल्या 861 जणांवर चाचणी झाली. 2020 मध्ये आलेल्या निष्कर्षात अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्या 427 पैकी 40 जणांना आतड्याचा कॅन्सर झाला, न घेणाऱ्या 434 पैकी 58 जणांना. पण पोटात रक्तस्राव होऊ शकतो, मनाने एकही गोळी घेऊ नका!

दोन पिढ्या, त्यात आजोबा इतक्या लवकर. मला कॅप्सूलपेक्षा हीच काळजी वाटते. दोष असेल तर प्रत्येक मुलात उतरायची शक्यता निम्मी. कॅन्सरच्या डॉक्टरांना भेटा, जनुक तपासणी आणि कोलोनोस्कोपीचं, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं तपासण्याचं विचारा. बहीण-भाऊ असतील तर त्यांनाही न्या.

सिन्नरकर:
माझ्या मेव्हण्याने अशाच कॅप्सूल चार महिने खाल्ल्या, डोळे पिवळे झाले. यकृताला सूज आली होती. बंद केल्यावर उतरली. जपून रहा.

निफाडचा_बागायतदार:
ताई, फार आभार. अण्णांच्या बायोप्सीचा कागद द्राक्षांच्या बिलांच्या फायलीत सापडला. धाकटी बहीण ओझरला असते, तिला आत्ताच फोन केला. शनिवारी दोघंही जातोय.