गावठी पिल्लू फ्लॅटमध्ये, गल्लीत चार भटकी: संध्याकाळी फिरवायला कसं न्यायचं?

चिंगीची_आई
नमस्कार मंडळी. आम्ही कोथरूडला डहाणूकर कॉलनीजवळ राहतो, चौथा मजला. पावसाळ्यात पार्किंगमध्ये एक गावठी पिल्लू सापडलं ते ठेवूनच घेतलं, चिंगी, आता साधारण सहा महिन्यांची होईल. घरात गुणी आहे अगदी, शी-शू पण बाहेरच करते, प्रॉब्लेम सगळा गेटबाहेर आहे. गल्लीत चार भटकी आहेत, त्यातली एक काळी कुत्री इस्त्रीवाल्या काकांच्या टेबलाखाली बसते आणि बाकीची तिच्या मागे. चिंगी दिसली की भुंकत येतात, ही घाबरते आणि मागे सरकून पट्ट्यातून डोकं काढून घेते. मी उचलून घेतलं तर आणखीनच अंगावर येतात. नवरा म्हणतो काठी ने, मला ते पटत नाही. त्यात कमिटीने लिफ्टपाशी बोर्ड लावलाय, कुत्री लिफ्टमधून न्यायची नाहीत. तर पट्टा कुठला घेऊ, फिरवायला कुठे नेऊ, आणि या चौघांचं काय करू ते सांगा. व्हेट सुचवू नका, आमचे चांगले आहेत.

टेकडीवाला
आधी पट्टा. मान काढून घेते म्हणजे साधा गळपट्टा तिला पुरणार नाही, बॉडी हार्नेस घ्या, छातीवर वाय आकार येतो तो, आणि पट्टीखाली दोन बोटं जातील इतपतच सैल ठेवा. लीश म्हणजे हातात धरायची दोरी, ती दोन क्लिप असलेली मिळते, एक हार्नेसला एक गळपट्ट्याला, म्हणजे एक निसटलं तरी दुसरं असतंच. लांबत जाणारी गुंडाळी लीश रस्त्यावर अजिबात नको, दुचाकीवाला मधून गेला की संपलं. गळ्यात बिल्ला आणि त्यावर तुमचा फोन नंबर.

जागा म्हणाल तर वेताळ टेकडी आहेच तुमच्याजवळ, पहाटे बरेच जण कुत्री घेऊन येतात. पण तिथे सोडू नका हं, मोर आहेत, बाकी पक्षी जमिनीवर असतात. लीशवरच ठेवा.

आम्ही_डोंबिवलीकर
काठी नकोच ताई, आणि उचलूही नका. उचललं की ती उंचावर जाते, खालची कुत्री वास घ्यायला उड्या मारतात आणि चावा तुमच्या हाताला बसतो. त्यांचा राग चिंगीवर नाहीये, ही कोण नवीन आपल्या हद्दीत एवढाच त्यांचा प्रश्न आहे, आणि तो सुटला की ती स्वतःहून गप्प होतात. मी दोन गावठी सांभाळते, आमच्या गल्लीत हेच झालं होतं.

त्या काळीपासून सुरू करा, बाकीची तिचंच बघून वागतात. दुपारी ती पेंगत असते तेव्हा चिंगीला घेऊन लांबून जा, सरळ तिच्याकडे चालत नाही, अर्धगोल वळसा घालून. काळीच्या डोळ्यांत बघायचं नाही. लीश सैल ठेवा, हे फार महत्त्वाचं, आपण घाबरून लीश ताणतो आणि पिल्लाला वाटतं काहीतरी भयंकर आहे. काळी उठून आली तर तुम्ही आडव्या उभ्या राहा, काळीला चिंगीचा मागून वास घेऊ दे, दोन-तीन सेकंद झाले की गोड आवाजात चिंगीला बोलवून पुढे निघा. शेपूट ताठ वर आणि अंग कडक झालं तर त्या दिवशी तिथूनच परत. रोज थोडं थोडं. संध्याकाळी आणि रात्री ती जास्त जागी असतात, तेव्हाची वेळ सुरुवातीला टाळा.

निखिल_दोन_मुलांचा_बाबा
मी कुत्रा पाळत नाही तरी लिहितो. आमच्याकडे गेटवरच रात्री भात टाकतात, मग सगळी कुत्री गेटवर, आणि पोरं क्लासवरून सायकलने आली की मागे लागतात. माझी धाकटी आता एकटी खाली जात नाही. कुत्र्यांवर माझा राग नाही, पण खायला घालणाऱ्यांनी पोरांचाही विचार करावा एवढंच म्हणणं आहे.

आम्ही_डोंबिवलीकर
निखिल, तुमचं अगदी बरोबर आहे, आणि नियमही हेच सांगतो. २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम आहेत, त्यात खायला घालायची जागा सोसायटीने आणि घालणाऱ्यांनी मिळून ठरवायची, ती गेट, जिना आणि मुलांच्या खेळायच्या जागेपासून लांब हवी, वेळही मुलं आणि म्हातारी माणसं बाहेर नसतील अशी. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की ठरवलेल्या जागीच घाला, रस्त्यात कुठेही नाही. कमिटीला लेखी द्या. जागा मागे हलली की कुत्रीपण मागे हलतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

चिंगीची आई, लिफ्टबद्दल, भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, पाळीव कुत्र्याला लिफ्ट बंद करता येत नाही आणि त्याचे वेगळे पैसेही मागता येत नाहीत. प्रिंट काढून कमिटीला शांतपणे द्या. पण कुणी आजी-आजोबा आत असतील तर पुढच्या लिफ्टने जा, आणि शी उचलायला पिशवी कायम खिशात. महापालिकेचं लायसन्स काढून ठेवा, कमिटीपुढे कागद असला की अर्धं भांडण तिथेच मिटतं.

व्हेटकडे_काम_करते
वास घेऊ देण्याआधी लसी पूर्ण आहेत का ते बघा. पार्व्हो आणि डिस्टेंपर, पिल्लांचे जीवघेणे आजार आहेत हे, त्यांचे डोस वेळेवर झालेत ना, आणि तीन महिन्यांनंतरची रेबीजची? शंका असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, मग ओळखपाळख. भटक्यांमधून गोचिड्याही येतात, घरी आल्यावर कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात हात फिरवून बघा, टिक फीव्हरमध्ये पिल्लू जेवण सोडतं आणि मलूल पडतं.

आणखी एक. सहा महिन्यांची होतेय म्हणजे पहिली हीट कधीही येईल, म्हणजे माजावर येईल. तेव्हा गल्लीतलेच काय, पलीकडचे नरसुद्धा गेटपाशी येऊन बसतील, तुम्हाला बाहेर पडणं मुश्कील होईल. नसबंदीचं ऑपरेशन कधी करायचं ते आत्ताच ठरवा.

आणि माणसाला दात किंवा नख लागलं, अगदी खरचटलं तरी, साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. हळद, मिरची काही लावू नका. लस सरकारी दवाखान्यात मिळते, डोस सगळे पूर्ण करा, मधला चुकवू नका.

चिंगीची_आई
किती छान सांगितलंत सगळ्यांनी. लसी झाल्यात, रेबीजची पण. हार्नेस आजच घेते. काकांना विचारलं, काळीला तेच दुपारी पोळी घालतात, त्यांच्यासमोरच भेट घडवू म्हणाले. पण काळीचा कान बघितला, टोक कापलेलं नाही, म्हणजे नसबंदी झालेली नाही ना? बाकी तिघांपैकी एकाचंच आहे.

टेकडीवाला
खाच नसेल तर बहुतेक नाहीच झालेली. महापालिकेकडे तक्रार नोंदवताना एकट्या काळीची नको, राहिलेल्या तिघांची एकत्र टाका, प्रत्येकाचा फोटो, बसायची जागा आणि कुठल्या वेळी सापडतात ते लिहा, नाहीतर गाडी येऊन मोकळी जाते. काकांचा नंबरही द्या त्यांना विचारून, पकडताना ओळखीचं माणूस जवळ असलं की काळी पळणार नाही. आणि ऑपरेशन झाल्यावर तिला त्याच जागी सोडायचा नियम आहे, दुसरीकडे सोडली तर लगेच विचारा, रिकाम्या झालेल्या गल्लीत नवीन अनोळखी कुत्री येतात आणि चिंगीची ओळख पुन्हा पहिल्यापासून.