सरकारी संस्थेतील संशोधक मानसशास्त्रज्ञ: नेमून दिलेल्या प्रश्नांवर आयुष्य जाते का?

जिज्ञासा_पदव्युत्तर

मानसशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केल्यावर विद्यापीठात जावे की सरकारी संशोधन संस्थेत, अशा पेचात मी सध्या आहे. माझ्या मार्गदर्शकांच्या मते सरकारी नोकरीत संशोधन होत नाही, अहवाल लिहिले जातात. टपाल खाते, सैन्य किंवा वाहतूक विभाग यांनी धाडलेल्या प्रश्नांवर हयात खर्ची पडते आणि स्वतःचे म्हणावे असे काही हाती लागत नाही. ज्यांनी ही वाट प्रत्यक्ष चालून पाहिली, त्यांच्या बाबतीत हे कितपत खरे ठरले? वेतन आणि बढती यांविषयी नव्हे, कामाविषयी विचारते आहे.

जुनी_टाचणवही

मार्गदर्शकांचे निम्मे म्हणणे बरोबर आहे. प्रश्न खरोखरच वरून येतो; परंतु त्याचे काय करायचे हे बरेचसे तुमच्या हाती असते. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने (सरकारी पैशांवर चालणारी वैद्यकीय संशोधन परिषद) १९४४ मध्ये केंब्रिज येथे अप्लाइड सायकॉलॉजी युनिट, म्हणजे उपयोजित मानसशास्त्राचे केंद्र, सुरू केले. त्याचे पहिले संचालक केनेथ क्रेक पुढच्याच वर्षी, वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी, सायकलच्या अपघातात गेले. त्या काळात तेथील मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांच्यापुढे आलेला प्रश्न अगदी व्यवहारातला होता: समुद्रावर पाणबुड्या शोधणाऱ्या विमानांतील रडारचालकांना पडद्यावरचा ठिपका का निसटतो?

मॅकवर्थ यांनी खऱ्या रडारऐवजी एक तबकडी बनवली. तिच्यावर ना आकडे होते ना खुणा. फक्त एक काटा दर सेकंदाला एक टप्पा पुढे सरके. क्वचित केव्हातरी तो एकदम दुप्पट उडी घेई आणि ती दिसताच समोर बसलेल्या माणसाने कळ दाबायची. हे सलग दोन तास चाले. पहिल्या अर्ध्या तासानंतरच निसटणाऱ्या उड्यांचे प्रमाण स्पष्टपणे वाढले. दोष चालकाच्या आळसाचा नव्हता, कामाच्या रचनेचा होता. पाणबुड्यांचे युद्ध संपले, पण १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगातून टिकाऊ अवधानाच्या (दीर्घकाळ लक्ष टिकवून ठेवण्याच्या) अभ्यासाची एक स्वतंत्र शाखाच उभी राहिली. विद्यापीठात बसून असा कंटाळवाणा प्रयोग कोणाला सुचला असता, याची मला शंका आहे.

रेघांमधले

वरील प्रतिसादाला जोडून त्याच युनिटमधील आर. कॉनरॅड यांचे उदाहरण देतो, कारण त्यांची कारकीर्द तुमच्या प्रश्नाचे अधिक नेमके उत्तर आहे, असे मला वाटते. त्यांचे बरेचसे काम टपाल आणि दूरध्वनी खात्यासाठी होते: लोकांना किती लांबीचे क्रमांक लक्षात राहतात, कोणत्या प्रकारचे संकेतांक चुकतात. आठ आकडी क्रमांक फिरवण्याआधी नुसते एक शून्य फिरवायला लावले, तरी क्रमांक आठवण्यातील चुका वाढतात, असे त्यांना आढळले. खात्याच्या दृष्टीने प्रकरण तेथे मिटले असते.

पण चुका मोजून थांबण्याऐवजी त्या कोणत्या आहेत, हे कॉनरॅड यांनी पाहिले. डोळ्यांनी वाचलेली इंग्रजी अक्षरे आठवताना लोक ‘बी’च्या जागी ‘व्ही’ किंवा ‘पी’ लिहीत होते, म्हणजे गोंधळ दिसण्यातला नसून उच्चारातला होता. वाचलेले अक्षर स्मृतीत ध्वनीच्या रूपाने ठेवले जाते, हा १९६४ मधील निष्कर्ष अल्पकालीन स्मृतीविषयीच्या पुढील सिद्धान्तांचा एक आधार झाला. मग पुढचा प्रश्न ओघानेच आला: ज्याला ऐकूच येत नाही, ते मूल अक्षर कशात साठवते? त्या प्रश्नामागे जाऊन त्यांनी बहिऱ्या शाळकरी मुलांचा विस्तृत अभ्यास केला आणि शाळा सोडतानाही या मुलांची वाचनक्षमता सरासरी सुमारे नऊ वर्षांच्या मुलाइतकीच असते, हे उघडे केले. टेलिफोनच्या तबकडीपासून बहिऱ्यांच्या शिक्षणापर्यंतची ही वाट त्यांना कोणी नेमून दिलेली नव्हती.

निवृत्त_अहवाललेखक

दोन्ही प्रतिसाद वाचून आनंद झाला, तरी दुसरी बाजूही नोंदवतो. एका संस्थेत (नाव देत नाही) मी रात्रपाळीतील चुकांवर दोन वर्षे काम केले. अहवालावर ‘गोपनीय’ असा शिक्का बसला, फाइल कपाटात गेली आणि तिच्यातला एकही तक्ता मला परिषदेत दाखवता आला नाही. ज्या अधिकाऱ्याने काम मागितले होते, त्यांची तोवर बदली झालेली. नव्या साहेबांनी “एका पानात सांगा, हो की नाही” एवढेच विचारले.

अहवाल वाचला गेला, तरी खात्याला आणि शास्त्राला हवे असते ते वेगवेगळे. मानसशास्त्रज्ञ ॲलन बॅडली आणि त्यांचे सहलेखक लाँगमन यांनी १९७८ मध्ये टपाल कर्मचाऱ्यांच्या टंकलेखन प्रशिक्षणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोज एकच तास शिकणाऱ्यांना कळफलक यायला सुमारे ३५ तास पुरले. रोज चार तास शिकणाऱ्यांना सुमारे ५० लागले. मात्र पहिल्या गटाचे ३५ दिवस गेले आणि दुसऱ्याचे १२-१३. त्यामुळे सर्वांत कमी तासांत शिकलेला गटच सर्वांत नाराज होता! तास वाचवायचे की दिवस, हे मानसशास्त्रज्ञ ठरवत नाही. तो दोन्ही आकडे मांडतो आणि बाजूला होतो. हे बाजूला होणे ज्याला जड जाते, त्याने या नोकरीत येऊ नये.

मुलाखतीला गेलात तर एवढे जरूर विचारा: निष्कर्ष प्रसिद्ध करण्याची परवानगी कोण देतो आणि मागील पाच वर्षांत ती किती वेळा दिली गेली?

जिज्ञासा_पदव्युत्तर

मनःपूर्वक आभार. शेवटचा प्रश्न वहीत उतरवून घेतला आहे. कॉनरॅड यांचा १९६४ चा लेख आजच ग्रंथालयात शोधते.