जिन सावरला अंडं लागतंच का? त्या ‘नागपुरी’ पोस्टला उत्तर

पेगमेजर:
जिन सावर म्हणजे जिन ही दारू, आंबट रस आणि गोड पाक बर्फात हलवून केलेलं पेय. त्याची एक पोस्ट परवापासून फिरून राहिली आहे. “अस्सल नागपुरी जिन सावर: जिन ६० मि.ली., संत्र्याचा रस ३० मि.ली., एकतारी पाक दोन चमचे, एका अंड्याचं पांढरं. लिंबाची गरज नाही. अंडं मात्र पाहिजेच, त्याशिवाय त्याला सावर म्हणत नाहीत.” खाली लोक पसंतीचे बदाम (हार्ट) टाकत आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

अंडं पाहिजेच, हे साफ चूक. जेरी थॉमस या अमेरिकन बारटेंडरच्या १८६२च्या पुस्तकात जिन सावर दिलं आहे. त्यात जिन, साखर, पाणी, लिंबू आणि बर्फाचा चुरा आहे, अंड्याचं नाव नाही. अंड्याने येणारा फेस ही नंतरची हौस. सावर उभं राहतं ते आंबट-गोडाच्या मेळावर. माप सांगतो: जिन ६०, तेव्हाच पिळलेल्या लिंबाचा रस २५, पाक २०. पाकाला १०० ग्रॅम साखर, १०० मि.ली. पाणी. साखर विरघळली की गॅस बंद. उकळत ठेवलात तर पाणी उडतं आणि प्रमाण हातचं जातं. गार झाला की फ्रीजमध्येच ठेवा, आपल्या उन्हाळ्यात ओट्यावर ठेवलेला पातळ पाक लवकर आंबतो.

एकतारी पाक इथे अजिबात चालत नाही. बोट आणि अंगठ्यात तार धरेपर्यंत आटला म्हणजे त्यात साखर पाण्याच्या दुपटीहून जास्त झाली. बर्फाला लागताच तो शेकरच्या (पेय हलवायच्या झाकणाच्या भांड्याच्या) तळाशी चिकटून बसतो. वरचे घोट आंबटढाण, खालचे नुसते गोड.

शेकर बर्फाने भरा आणि १२ ते १५ सेकंद जोरात हलवा. १०५ मि.ली.चं साधारण १५५ होतं. हे वाढलेलं पाणी पाककृतीतच धरलेलं असतं. पण ट्रे बाहेर काढून दहा मिनिटं ठेवलेला ओला बर्फ वापरलात तर पाणी जास्त सुटतं आणि गारवा कमी. बर्फ फ्रीजरमधून थेट शेकरमध्ये गेला पाहिजे.

जुनी शुक्रवारी:
१८६२ मध्ये नव्हतं म्हणून आज नको, हा काय युक्तिवाद झाला? अंड्याचं पांढरं चवीसाठी घालतच नाहीत. ते घोटाला गुबगुबीतपणा देतं, आणि कागदी लिंबाची जी धार जिभेला कापते ती बोथट करतं. आपली जिन बहुतेक ४२.८ टक्क्यांची, तिचा चटकाही मवाळ होतो.

लोकांचं बिघडतं ते पद्धतीत. एका अंड्यातून सुमारे ३० मि.ली. पांढरं निघतं, ते सगळं ओतू नका. वाटीत काट्याने जरा मोडा आणि १५ मि.ली. घ्या. पिवळ्याचा थेंबही गेला तर त्यातल्या चरबीने फेस बसतो. म्हणून अंडं आधी वाटीत फोडायचं, शेकरवर कधीच नाही. आधी बर्फाशिवाय १५ सेकंद, मग बर्फ घालून १२ सेकंद. बर्फाशिवाय हलवताना झाकण दोन्ही हातांनी दाबून धरा. गारठ्याने आतली हवा आक्रसून झाकण घट्ट बसतं, ते इथे होत नाही, आणि सगळं भिंतीवर जातं. चहाच्या बारीक गाळणीतून गाळा. वर बिटर्सचे (मसाल्यांच्या कडू अर्काचे) तीन थेंब टाकले की हिवस वास दबतो. हे केलंत तर अंडं नको असं कोणी म्हणणार नाही.

कागदी लिंबू:
मी म्हणते. पारा ४५ ला असताना किराणा दुकानाच्या दारात अंड्यांचे ट्रे दिवसभर तापत असतात, ते घरी आणून फ्रीजमध्ये ठेवले म्हणजे ताजे झाले का? ‘दारूने जंतू मरतात’ हे तर कोणी सांगूच नका. हललेल्या सावरमध्ये अल्कोहोल जेमतेम १५ टक्के उरतं. तेवढ्याने आणि लिंबाने पाच मिनिटांत साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू मरत नाही. घरातल्या म्हाताऱ्यांना, गरोदर बाईला (तिला तर दारूही नको), कच्चं अंडं देऊ नये.

फेस हवाच असेल तर काबुली चणे मीठ न घालता शिजवा. कुकरमधलं पाणी पातळ असतं, ते आटवून निम्मं करा, चमच्यावरून अंड्याच्या पांढऱ्यासारखं ओघळलं पाहिजे. गार करून २५ मि.ली. घ्या. हलवायची पद्धत तीच.

जुनी शुक्रवारी:
चण्याच्या पाण्याचा फेस उभा राहतो, पण तोंडात पोकळ लागतो, आणि नीट आटवलं नाही तर उसळीचा वास येतो. अंडं फ्रीजमध्ये ठेवणाऱ्या दुकानातून घ्या, पाण्यात टाकून तरंगतं का बघा, त्याच दिवशी वापरा. गरोदर आणि म्हाताऱ्यांचा मुद्दा मात्र मान्य करावाच लागतो.

कागदी लिंबू:
तरंगतं ते अंडं जुनं, एवढंच त्यातून कळतं. साल्मोनेला बुडालेल्या अंड्यातही असतो. या परीक्षेच्या भरवशावर कोणाला कच्चं पाजू नका.

संत्रानगरी:
तुम्ही सगळे अंड्यावर भांडून राहिले, आणि पेगमेजर भाऊंनी त्या पोस्टच्या संत्र्याला ‘नागपुरी’ असं अवतरणात टाकलं, ते कोणालाच खटकलं नाही? २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं. लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था इथेच, नागपुरात. काटोल, नरखेड, वरुडचा शेतकरी फळगळीने आणि भावाने मेटाकुटीला आलेला असतो. कळमन्याच्या बाजारात संत्र्याचे ढीग पडलेले असताना इथल्या मेनूकार्डांवर बाहेरून आणलेलं पिवळं लेमन मिरवतं. आपल्या पेयात आपलं फळ घातलं तर बिघडलं कुठे? आंबिया बहाराचं ऑक्टोबरमधलं हिरवट फळ चांगलं आंबट असतं.

पेगमेजर:
अवतरण संत्र्याला नव्हतं, त्या पाककृतीला होतं. शेतकऱ्याच्या भावाबद्दल मी एक शब्द बोललो नाही, तो माझ्या तोंडी घालू नका. प्रश्न हिशोबाचा आहे. लिंबाच्या रसात आम्ल साधारण ६ टक्के. पिकल्या संत्र्याच्या रसात एक टक्काही नाही, पाऊण टक्का धरा. २५ मि.ली. लिंबातून दीड ग्रॅम आम्ल मिळतं. तेवढं संत्र्यातून आणायला २०० मि.ली. रस लागेल, आणि त्यासोबत वीसेक ग्रॅम साखर फुकट येईल. ३० मि.ली. संत्र्याच्या रसात पाव ग्रॅमही आम्ल नाही, वर दोन चमचे एकतारी पाक! ते सावर नाही, जिन घातलेलं सरबत आहे. हिरवट फळ थोडं जास्त आंबट असेल, आठपट नाही.

संत्रानगरी:
सरबत म्हणा नाहीतर काही म्हणा, लोकांना आवडतं. आकड्यांनी चव ठरत नाही.

पेगमेजर:
चव आकड्यांनी ठरत नसेल, पण बिघडते नक्की. आवडतं तर खुशाल प्या, फक्त नवशिक्याला ‘लिंबाची गरज नाही’ असं सांगू नका. त्या बिचाऱ्याची ६० मि.ली. जिन वाया जाते.

बर्डीकर:
दोघंही जरा थांबा. रसच आंबट करता येतो. १०० मि.ली. संत्र्याच्या रसात ५ ग्रॅम लिंबूसत (सायट्रिक अ‍ॅसिड) विरघळवा, आम्ल लिंबाच्या पातळीला येतं. मग लिंबाच्या जागी तोच २५ मि.ली., आणि पाक २० ऐवजी १७ किंवा १८, कारण रसात स्वतःची साखर आहे. वजन काट्यावरच करा. चमच्याने मोजाल तर दात आंबतील.

आणि मिक्सर लावू नका. बिया आणि फोडींच्या साली भरडल्या की रस कडवट होतो. नागपुरी संत्र्याच्या रसाची ही जुनी खोड आहे. काढल्याकाढल्या गोड लागतो आणि ठेवला की कडूपणा वर येतो. हाताने पिळा, गाळा, लगेच वापरा.

कागदी लिंबू:
लिंबूसताचा आंबटपणा सपाट लागतो हो. जिभेवर एकदम चढतो आणि तिथेच संपतो. लिंबात नुसतं आम्ल नसतं, पिळताना सालीचं तेलही थोडं उतरतं, सावरला वास येतो तो त्याचा. नुसत्या सताने ती जागा भरत नाही.

तेलाचंच म्हणाल तर संत्र्याची साल लिंबापेक्षा उदार आहे. रस खाऊन टाका, साल वापरा. चार संत्री गरम पाण्याने घासून धुवा. साली आतून चमच्याने खरवडून पांढरे तंतू काढा, ते राहिले तर कडू. तुकडे करून १०० ग्रॅम साखरेत बत्त्याने जरा चेचा, झाकून ६ ते ८ तास ठेवा. साखर ओली आणि केशरी होते, तळाशी तेलकट रस साचतो. त्यावर १०० मि.ली. गरम पाणी घाला, ढवळा, गाळा. पाकाचं प्रमाण तेच राहिलं, फक्त संत्र्याचा वास आत आला. मग जिन ६०, लिंबू २५, हा पाक २०.

संत्रानगरी:
म्हणजे आंबट लिंबाचं आणि सुवास संत्र्याचा. रस घालायला मिळत नाही याचं वाईट वाटतं, पण यात संत्रं खरंच कळेल, हे मानतो. त्या मूळ पोस्टमधल्या एकतारी पाकात ते कळलंच नसतं.

पेगमेजर:
याला मी नागपुरी म्हणायला तयार आहे, अवतरणाशिवाय. एकच अट, जिन जुनिपरच्या (जिनला मूळ वास देणाऱ्या फळाच्या) ठसठशीत चवीची घ्या. आधीच संत्र्याच्या चवीची बाटली घेतलीत तर सालीचं तेल आणि ती चव एकमेकांवर चढतात.

जुनी शुक्रवारी:
आणि अंडं? या पाकासोबत अंडं जास्त शोभतं, सालीचा वास फेसात धरून राहतो. पण क्रम पाळा. जिन, लिंबू, पाक आधी, पांढरं सगळ्यात शेवटी, आणि लगेच हलवा. लिंबात आणि जिनमध्ये पडून राहिलं तर त्याचे कण धरतात, मग कितीही गाळा, घोटात लागतात.

कागदी लिंबू:
चण्याच्या पाण्याला ही घाई नाही, ते फुटत नाही. नोंद असावी.

जुनी शुक्रवारी:
असू द्या नोंद. ग्लास मात्र दोघांनाही १८० मि.ली.च्या वरचा लागेल. फेसासकट हे १५० च्या कूपमध्ये (पसरट, दांडीच्या ग्लासात) मावत नाही, आणि फेस नेमका शेवटी पडतो. गाळणीत अडकलेला फेस चमच्याने ढकलून ग्लासात घ्या, तो टाकून देऊ नका.