वर्ड फाइल उघडत नाही, आजोबांच्या आठवणी अडकल्यात

परळच्या चाळीत आजोबांनी सांगितलेल्या १९८२च्या गिरणी संपाच्या आठवणी मी टाइप केल्या होत्या. ६४ पानं. काल घाईत पेनड्राइव्ह ओढला, आता फाइल खराब झाल्याचं सांगतंय. आजोबा राहिले नाहीत, पुन्हा विचारू कुणाला?

– ताई, आधी प्रत काढा, प्रयोग प्रतीवरच. वर्डमध्ये ‘ओपन’ बटणाशेजारच्या बाणात ‘ओपन अँड रिपेअर’ आहे.

– नाही जमलं तर: डॉकएक्स, म्हणजे वर्डची फाइल, आतून झिप फाइलच, अनेक फाइलींचं गाठोडं. फाइलच्या नावातलं शेवटचं डॉकएक्स काढून झिप लिहा, ती उघडून ‘वर्ड’ फोल्डरमधली ‘डॉक्युमेंट’ फाइल नोटपॅडमध्ये उघडा. खुणांच्या गर्दीत मजकूर असतो.

– रिपेअर फसलं, पण झिपमधून मिळालं! १८ जानेवारीचा, संप सुरू झाला तो दिवस शब्दन् शब्द आहे. रात्रभर खुणा पुसत बसले. खूप आभार.