बोंबों हा शब्द एवढ्या भाषांत कसा पोचला?

मृण्मयी_के: जर्मन शिकतेय, तिथे गोड गोळीला बोंबों म्हणतात, आणि ब्राझीलची मैत्रीण म्हणते त्यांच्याकडे बोंबों म्हणजे चॉकलेट. मूळ कुठलं मग?

शब्दवेडा: फ्रेंच. बों म्हणजे चांगलं, तेच दोनदा. लहान मुलांची बोली, आपलं मंमं असतं ना तसं. फ्रान्सच्या तेराव्या लुई राजाच्या लहानपणी त्याचा डॉक्टर एरोआर रोजनिशी लिहायचा त्यात हा शब्द सापडतो, म्हणजे १६०० नंतर लगेचचाच. पुढे अठराव्या शतकात युरोपभरच्या दरबारांत फ्रेंच बोलायचे, तिथून पदार्थांबरोबर नावंही पसरली. बल्गेरियनमध्ये बोंबोन, रुमानियनमध्ये बोंबोआना. स्पॅनिश-पोर्तुगीजमध्ये मात्र चॉकलेटलाच चिकटला. ऑस्ट्रियात जाशील तर गोळीला त्झुकर्ल म्हणताना ऐकशील, तेही लक्षात ठेव.

इंद्रायणी: डबीचं पण सांगा की! गोळ्या ठेवायची ती बोंबोनिएर, इटलीत लग्नाच्या पाहुण्यांना साखरेत घोळलेले बदाम घालून देतात ती बोंबोनिएरा, पोलंडमध्ये चॉकलेटचा बॉक्स बोंबोनियेर्का. मला हा प्रवास फार आवडतो.

सागर_रियुनियन: इथे हिंदी महासागरातल्या रियुनियन या फ्रेंच बेटावर बोंबों पिमां म्हणजे चक्क तिखट वडा, डाळ वाटून मिरची घालून तळलेला, खाल्ला की तामिळ मसालवडाच आठवतो. हैतीत बोंबों म्हणजे बिस्कीट. हैती फ्रेंच वसाहत असताना तिथली साखर गुलामांच्या कष्टावर पिकायची आणि फ्रान्सला जायची, हे या गोड शब्दाबद्दल बोलताना सांगायलाच हवं.

मृण्मयी_के: तिखट बोंबों!! रेसिपी टाका ना प्लीज, डाळ कुठली घेतात?