थेरपिस्टची ‘ॲडव्हान्स्ड प्रॅक्टिस’ म्हणजे डॉक्टरांची उरलेली कामं का?

काउचकाठी:
कॅन्सरला रेडिएशन देणाऱ्या मशीनवर, म्हणजे लिनॅकवर, थेरपिस्ट म्हणून अकरा वर्षं झाली. आता आमच्याकडे ॲडव्हान्स्ड प्रॅक्टिसची, म्हणजे डॉक्टरांची काही कामं थेरपिस्टनेच करायची, अशी एक जागा निघतेय आणि जो तो म्हणतोय, भर अर्ज. जाहिरात दोनदा वाचली. मला एवढंच कळलं की कामं वाढणार. पगाराबद्दल चकार शब्द नाही.

मागच्या आठवड्यातलं सांगते. प्रोस्टेटच्या कॅन्सरचे एक आजोबा काउचवर, म्हणजे मशीनच्या टेबलावर, होते. कोन बीम सीटी (मशीनवरच घेतात तो स्कॅन) घेतला तर रेक्टममध्ये, म्हणजे गुदाशयात, गॅसचा हा एवढा फुगा, प्रोस्टेट पुढे ढकललेलं. आज असं रेडिएशन द्यायचं नाही हे मला दिसतंय. तरी डॉक्टरांना फोन, ते ओपीडीत, परत फोन. पंधरा मिनिटं आजोबा भरल्या मूत्राशयाने तसेच पडून. शेवटी उत्तर काय आलं? ‘उठवा, गॅस जाऊ द्या, परत स्कॅन घ्या.’ अहो, हे तर मी पहिल्या मिनिटाला सांगितलं असतं! या जागेने निदान एवढं तरी सुटेल का? कोणी केलंय असं काम?

जुनाखोड:
माझ्या नावापुढे दोन शब्द लागले, मशीनची पाळी काही सुटली नाही. दोन्हीकडून पिळून निघालो आणि वर्षात परत आलो. बाकी तुमची मर्जी.

भिंगरी:
जुनाखोड म्हणतात ते खरं आहे, पण तो दोष त्या जागेच्या बांधणीचा. मी सहा वर्षं हाडांत पसरलेल्या कॅन्सरचे पेशंट बघतेय. पूर्वी पेशंट एकदा ओपीडीला, एकदा सीटीला, एकदा ट्रीटमेंटला यायचा, दुखऱ्या कमरेने. आता मी तपासते, सीटी करून घेते, कंटूर काढते, म्हणजे कुठे रेडिएशन द्यायचं त्याच्या रेघा स्कॅनवर आखते. डॉक्टर प्लॅन बघून सही करतात आणि बहुतेकांना त्याच दिवशी ८ ग्रेचा (ग्रे म्हणजे रेडिएशनच्या डोसचं माप) एकच फ्रॅक्शन, म्हणजे एकाच बैठकीत सगळा डोस, देऊन घरी पाठवतो. सुरुवातीची साठ कंटूर डॉक्टरांनी शेजारी बसून तपासली होती. पहिल्या दहांत लाल रेघाच जास्त!

हे काही नवं खूळ नाही. कॅनडात ऑन्टारिओमध्ये २००४ च्या सुमारास अशा जागांचे प्रयोग सुरू झाले. ब्रिटनमध्ये तर २०१६ पासून, वेगळं प्रशिक्षण घेतलेले थेरपिस्ट स्वतः औषधंही लिहून देऊ शकतात.

आणि फक्त रेघा काढणं म्हणजे हे काम नव्हे. एकदा एक बाई कमरेच्या मणक्यासाठी आल्या होत्या. सगळे कागद तयार होते. बोलता बोलता म्हणाल्या, ‘दोन दिवस झाले, चप्पल पायातून निसटते आणि मला कळतच नाही.’ मी सीटी थांबवला आणि डॉक्टरांना बोलावलं. एमआरआयमध्ये वर, पाठीच्या मणक्यात मज्जारज्जूवर दाब निघाला. तिथे माझी हद्द संपत होती, आणि ती कुठे संपते हे लेखी होतं म्हणून कोणाला विचारत बसावं लागलं नाही.

तुम्ही लेखी मागा: कोणता निर्णय तुमचा, सही कोणाची, रजेवर गेलात तर बदली कोण, आणि मशीनवरून नक्की किती दिवस मोकळे. शेवटचं नसेल तर जुनाखोड यांच्या वाटेने जाल.

डोसवाला:
फिजिसिस्टच्या (डोसचा हिशोब बघणाऱ्याच्या) खुर्चीतून: एमआर-लिनॅकवर, म्हणजे एमआरआय जोडलेल्या लिनॅकवर, पेशंट काउचवर असतानाच रोज प्लॅन बदलायचा असतो. डॉक्टर येईपर्यंत मूत्राशय आणखी भरतं, म्हणजे आत्ताच काढलेला कंटूर शिळा. तिथे कंटूर काढणारा थेरपिस्ट हाताशी असला की आमचा जीव भांड्यात पडतो.

काउचकाठी:
भिंगरी, चप्पलेचं वाचून अंगावर काटा आला. आपल्यापाशी पेशंट असंच जाता जाता बोलतात ना, कपडे बदलताना. पण चूक झाली तर मान कोणाची?

भिंगरी:
ठरल्या हद्दीत तुमचीही. ते नको असेल तर खरंच अर्ज करू नका.

काउचकाठी:
बरं. मुलाखतीत पहिला प्रश्न मीच विचारणार: गॅसचा फुगा दिसला तर फोन न करता आजोबांना उठवू का? ‘बघू’ म्हणाले तर मी आपली माझ्या मशीनवर बरी.