वय ३७, नवरा ४४, एक गर्भपात: अजून थांबावं की थेट आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी)?

नमस्कार. इथे बरेच दिवस वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच. थोडं लांबलंय, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

लग्न झालं तेव्हा मी ३४ ची होते. घरची जबाबदारी होती, त्यामुळे उशीर झाला. गेल्या सप्टेंबरात दिवस राहिले. आठव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत डॉक्टरांनी बोलता बोलता स्क्रीन हळूच स्वतःकडे वळवली, तेव्हाच मला कळलं. ठोके नव्हते. नंतर पिशवी साफ करावी लागली.

तेव्हापासून पाच महिने प्रयत्न चालू आहेत. माझं थायरॉईड, शुगर, एएमएच (बीजांच्या साठ्याची रक्ततपासणी) झालं, नळ्यांची तपासणीही झाली (ती फार दुखली, कुणाची व्हायची असेल तर सोबत कुणाला तरी न्या). सगळं नॉर्मल, फक्त एएमएच कमी, ०.९. त्यावर डॉक्टर म्हणाले, "वय झालंय, वेळ घालवू नका, आयव्हीएफच करा." पाच मिनिटांत आम्ही बाहेर.

मी वाचलं त्याप्रमाणे एएमएचवरून बीजं साधारण किती उरलीत याचा अंदाज येतो, ती कशी आहेत हे त्यातून कळत नाही. मुलगी जन्मते तेव्हा तिच्याकडे दहा-वीस लाख बीजं असतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि नवीन तयार होत नाहीत. म्हणजे माझी बीजंही ३७ वर्षांचीच. वय वाढतं तशा त्यांच्यातल्या गुणसूत्रांच्या जोड्या नीट सुटत नाहीत, म्हणून गर्भपात वाढतात. डाऊन सिंड्रोमची (बाळात एक गुणसूत्र जास्त असण्याची) शक्यता ३५ व्या वर्षी साधारण ३५० त १ असते, चाळिसाव्या वर्षी १०० त १. हे मला मान्य आहे. पण आयव्हीएफने बीजाचं वय तर कमी होत नाही ना? मग स्वतःच्याच बीजांवर आयव्हीएफ केलं तर नेमका फायदा किती? ३७-३८ ला केलेल्यांनी खरं काय ते सांगा.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. माझ्या फाईलवर माझं नाव आणि त्याखाली वय, तेही लाल पेनने गोल केलेलं. नवऱ्याच्या रकान्यात नुसतं नाव, वयाची जागा कोरी. त्याची एकही तपासणी झालेली नाही. वीर्य तपासणीची चिठ्ठी दोन महिने ड्रॉवरमध्ये लाइट बिलांखाली पडून आहे. विषय काढला की "माझ्यात काही दोष नाही, दिवस राहिले होते की" म्हणतो. माणूस चांगला आहे, गर्भपातानंतर माझ्या शेजारी बसून रडलाय. लाजतो, घाबरतो, एवढंच.

शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात आणि ते सतत नव्याने बनतात, पण दर वेळी जनुकांची नक्कल होताना चुका साचत जातात. आइसलँडमधल्या २०१२ च्या अभ्यासात वडिलांच्या वयाच्या दर वर्षामागे बाळात साधारण दोन नवे जनुकीय बदल दिसले होते. आपल्याकडच्या २०२१ च्या कायद्यातही आयव्हीएफसारख्या उपचारांसाठी बाईला ५० तशी पुरुषाला ५५ ची मर्यादा आहे. मग आमच्या घरात आणि दवाखान्यात एकट्या माझंच वय का मोजतात? सासूबाई परवा शेजारणीला म्हणाल्या, "हिचं वय झालंय ना." मी आत कणीक मळत होते. हात तसाच थांबला.

ज्यांचे नवरे आधी तयार नव्हते, त्यांना तुम्ही कसं तयार केलंत? डॉक्टरांकडून सांगवलंत की घरातल्या पुरुषाकडून? नमुना घरी घेऊन वेळेत लॅबला पोहोचवता येतो का? दवाखान्यातल्या खोलीचीच त्याला भीती वाटते. आणि पुन्हा दिवस राहिले तर एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागची जाडी बघणारी सोनोग्राफी) आणि एनआयपीटीच्या (आईच्या रक्तातून बाळाच्या गुणसूत्रांची तपासणी) रिपोर्टची वाट बघताना तुम्ही काय केलंत, तेही लिहा.

नंतर जोडतेय: खाली एका ताईंनी विचारलंय म्हणून सांगते, हो, नोव्हेंबरात नवऱ्याला डेंग्यू झाला होता, चार दिवस १०३ ताप. तापानंतर दोन-तीन महिने शुक्राणू कमी होऊ शकतात हे मला माहीतच नव्हतं. म्हणजे या पाचातले किती महिने धरायचे? हे आज रात्री त्याला वाचून दाखवते. चिठ्ठी ड्रॉवरमधून काढून त्याच्या डब्याच्या पिशवीत ठेवली आहे.